मागे पाहा

त्या गुरुवारी सकाळी नाना गॅलरीतल्या दोरीवरून धुतलेले रुमाल काढत होते. रुमाल म्हणजे खिशातले नव्हेत. कचेरीतल्या कागदांचे गठ्ठे ज्यात बांधतात ते लाल कापडाचे मोठे चौकोन. तहसील कचेरीची रेकॉर्डरूम त्यांच्या ताब्यात आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षं ते दर महिन्याला मळके रुमाल घरी आणून स्वतःच्या हातानं धूत होते. निवृत्तीला तेवीस दिवस उरले होते.

"आता हे कशाला धुतलेत?" मी म्हणाले. "गठ्ठे तर आज जाणार."

"गठ्ठे जाणार. कापड सरकारचं आहे. मळकं कसं परत करायचं?"

मी पोहे केले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी शेंगदाणे वेचून खाल्ले. चहा बशीत ओतला. आई गेल्यापासून सहा वर्षं ते एकटेच जेवत होते, आणि आता नऊ आठवडे मी समोर बसत होते. तरी आमचं बोलणं कामाभोवतीच फिरायचं. मी ज्या कंपनीत होते तिच्याकडे जिल्ह्यातल्या कचेऱ्यांचे जुने कागद स्कॅन करून संगणकात चढवायचं कंत्राट होतं. तीन तालुके माझ्याकडे होते. शेलवणे त्यांतलं शेवटचं, माझं माहेरचं.

स्कॅन झालेल्या आणि सांभाळायची मुदत संपलेल्या कागदांचा लगदा करायला कागद गिरणीची गाडी अकरा वाजता येणार होती. अशा काढून टाकण्याला कचेरीत निंदणी म्हणतात, शेतातल्यासारखीच. नाना नव्या कारकुनांना सांगायचे, "निंदणीत तण उपटायचं. पीक हाताला आलं तर थांबायचं."

आम्ही पायी निघालो. कचेरीच्या फाटकापर्यंत मी वैजू होते. फाटक ओलांडलं की ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना सोनटक्के भाऊसाहेब. हा नियम त्यांनीच पहिल्या दिवशी घातला होता. शिपाई रज्जाक तांबोळी त्यावरून रोज काहीतरी बोलायचा. त्या दिवशी त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, घरी भांडी कोण घासतं? तुम्ही का मॅडम?"

"घरी आम्ही दोघंही शिपाई," नाना म्हणाले आणि कुलूप काढून आत गेले.

गाडी साडेदहालाच आली. गिरणीच्या दोन हमालांनी गठ्ठे उचलायला सुरुवात केली. रुमाल सोडायचा, कागद सुतळीनं बांधायचे, गाडीत टाकायचे. नाना दारात उभे राहून यादीवर खुणा करत होते. संध्याकाळपर्यंत शेलवण्याचं काम शंभर टक्के झाल्याचा अहवाल जिल्ह्याला जायचा होता. तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. कागदाच्या दोन्ही बाजू तपासल्या आहेत, असं माझ्या सहीचं प्रमाणपत्र त्याला जोडलेलं होतं.

साडेअकराच्या सुमारास एक बाई दारात येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची, काटक. हातात अर्जाची घडी. तिचं नाव इठाबाई ढमाले. माहेर पिंपरणे. तिचा भाऊ मार्गशीर्षात वारला होता आणि भाचे आता म्हणत होते की, ही आमच्या आजोबांची मुलगीच नव्हे, आजीनं बहिणीकडून आणून सांभाळलेली. नवऱ्यामागं ती माहेरच्या शिवारात खोप बांधून राहत होती. ती खोप सोड, असं त्यांनी सांगितलं होतं. सोमवारी प्रांतांपुढं तारीख होती.

"जमिनीचं राहू द्या," ती नानांना म्हणाली. "मी माझ्या बापाची हाय, येवढा कागुद पायजे."

मोठ्या रजिस्टरात तिच्या वडिलांच्या वारसांपुढं फक्त 'मुलगा धोंडिबा व इतर' असं होतं. ते तिनं आधीच कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. इतर म्हणजे कोण, ते वारस चौकशीच्या कागदावर असणार होतं. चौकशीचे कागद म्हणजे त्या दिवशी गाडीत जात होते तेच.

"काळजी करू नका," नाना म्हणाले. "आता सगळं मशीनमध्ये आहे. मॅडम दोन मिनिटांत काढून देतील." त्यांच्या आवाजात तेव्हा थोडा अभिमान होता. तो मला ऐकू आला.

मी गाव घातलं, साल घातलं. पान आलं. छापून दिलं. इठाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट पाहिला आणि नानांपुढं धरला. "माझं नाव कुठं हाय, बोट ठिवून दावा."

नानांनी चष्मा वर केला. मयत राणोजी. वारस, एक, मुलगा धोंडिबा. दोन, मुलगा मारुती. रकाना तिथं भरला होता. खाली कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात दोन अक्षरं होती. मा. पा.

"मॅडम, मागची बाजू दाखवा."

मी पुढचं पान उघडलं. ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"मागची बाजू कोरी असेल," मी म्हणाले.

"कोरी असती तर 'मागे पाहा' कशाला लिहिलं असतं?"

मला माहीत होतं ती बाजू कुठं गेली. दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याच्या बैठकीत मागं पडलेल्या तालुक्यांची यादी वाचली होती. शेलवणे सगळ्यांत खाली होतं आणि पुढं माझं नाव. त्या दुपारी मी मशीनच्या मांडणीत 'कोरी पानं वगळा' या ओळीपुढं खूण केली. कागदांच्या मागच्या बाजू बहुतेक कोऱ्याच असायच्या. तपासायची पानं निम्मी झाली, काम दुपटीनं पुढं गेलं. चौथ्या आठवड्यात एक पान समोर आलं. खाली मा. पा. होतं आणि मागं काही नव्हतं. मी क्षणभर त्याकडं पाहिलं, आणि पुढचं पान घेतलं.

त्याच आठवड्यात जेवताना नानांनी विचारलं होतं, "मागच्या बाजूही येतात ना गं?" मी म्हणाले होते, "मशीन दोन्ही बाजू एकदमच घेतं, नाना." ते खरंच होतं. घेतं. मग फिकी असलेली टाकून देतं. तेवढं मी सांगितलं नाही. त्यांनी ताटातली कोशिंबीर संपवली आणि पुन्हा विचारलं नाही.

आता ते माझ्याकडं पाहत होते. एखादा गठ्ठा जागेवर नसला की मोकळ्या फळीकडं ते असेच पाहायचे. मग यादी घेऊन बाहेर गेले.

पिंपरण्याचे गठ्ठे पहिल्या खेपेतच गाडीत गेले होते. नानांनी हमालांना थांबायला सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला अजून दोन गावं करायचीत. नानांनी चपला खाली काढून ठेवल्या, चाकावर पाय देऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडीत चढले आणि गठ्ठे बाजूला सारायला लागले. मी खाली उभी होते. रज्जाक म्हणत होता, भाऊसाहेब, मी चढतो. त्यांनी हातानंच नको म्हटलं. धुळीनं त्यांना खोकला येत होता. खाकी सुतळीत बांधलेले सगळे गठ्ठे एकसारखे दिसत होते. रुमाल असते तर प्रत्येकावर त्यांच्या हातची चिठ्ठी असती. ते एकेक सोडत होते, वरचं पान पाहत होते, पुन्हा बांधत होते. इठाबाई सावलीत बसली नाही. गाडीच्या फळीला धरून उभी राहिली.

पाऊण तासानं आतून आवाज आला. "वैजू, धर."

कचेरीच्या आवारात त्यांनी मला नावानं हाक मारली ती एवढीच.

मी कागद धरला. पुढची बाजू शाईनं लिहिलेली. उलटला तर कोरा वाटला. नाना खाली उतरले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि उन्हात तिरका धरला. मग अक्षरं वर आली. पेन्सिलीची, फिकी, राखाडी. तीन, मुलगी पारू, वय अकरा, अज्ञान. चार, मुलगी इठा, वय सहा, अज्ञान. कायद्याच्या भाषेत सज्ञान नसलेल्याला अज्ञान म्हणतात. इठाबाईला ते कुणीच समजावलं नाही. नानांनी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"ही तुम्ही."

ती बोट उचलेना.

"हे पेन्सिलीनं का लिहिलंय?" मी विचारलं.

"मुलगे शाईनं, मुली पेन्सिलीनं," नाना म्हणाले. "या तालुक्यात त्या काळी तशी पद्धत होती. मुली पुढं हक्क सोडून देणार, नाव कमी करावं लागणार, तर खोडायला सोपं. आणि रकान्यात जागा मुलग्यांपुरतीच. म्हणून मागं." ते थांबले. "हे मी तुला आधी सांगायला हवं होतं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं बहुतेक. पण तेवढ्यात तहसीलदार राजहंस साहेब पायऱ्या उतरून आले. गाडी का थांबली आहे, असं गिरणीच्या माणसानं वर जाऊन विचारलं होतं.

राजहंस साहेब वाईट माणूस नव्हते. तीन महिन्यांपूर्वी बदलून आले होते आणि वरून रोज फोन होता. त्यांनी कागद पाहिला, छापलेली प्रत पाहिली. मग मला म्हणाले, "मॅडम, दोन्ही बाजू तपासल्याचं तुमचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडं."

"हो."

"मग हे काय आहे?"

आवारात बरीच माणसं जमली होती. अर्ज लिहिणारे, चहावाला, दोन तलाठी. मी छापलेली प्रत हातात घट्ट धरली होती, एवढं आठवतं. मनात वाक्य तयार होतं, त्यातला पहिला शब्द तेवढा येत नव्हता.

"साहेब, चूक माझी आहे," नाना म्हणाले.

ते अनवाणीच होते. केसांत सुतळीचा तुकडा अडकला होता.

"ज्या पानांना मागं मजकूर आहे ती वेगळी काढून द्यायची होती. ते काम रेकॉर्डकीपरचं. मी काढली नाहीत. मॅडमपर्यंत ते गेलंच नाही. आणि निंदणीची यादीही माझीच. हे गठ्ठे आज जाऊ नयेत."

"तुम्हाला कळतंय का, काय म्हणताय ते? निवृत्तीला महिना नाही राहिला तुमच्या."

"तेवीस दिवस."

"लेखी द्याल?"

"देतो."

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्हाला यात काही म्हणायचंय?"

नाना माझ्याकडं पाहत नव्हते. वाकून चपला शोधत होते.

"नाही," मी म्हणाले.

गाडी रिकामी व्हायला दोन तास लागले. तीन वाजता नानांच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. रज्जाकनं ती आणून ठेवली आणि तो बाहेर जाऊन बसला. दिवसभर त्यानं कुणाची थट्टा केली नाही. नानांनी आधी इठाबाईची नक्कल हातानं लिहून, दोन्ही बाजूंची, शिक्का मारून दिली. मग नोटिशीचं उत्तर लिहायला घेतलं. मी समोरच्या टेबलावर होते. ते एकदा लिहायचे थांबून कपाटाकडं गेले, यादी पाहून आले, पुन्हा लिहायला लागले. शेवटी पेन ठेवून पेन्सिल घेतली. मला वाटलं, समास आखताहेत. चार वाजता कागद आवक टेबलावर नेऊन दिला.

मी मशीनच्या मांडणीतली ती खूण काढून टाकली. कुणी पाहिलं नाही.

घरी जाताना फाटकाबाहेर आल्यावर मी त्यांच्या बरोबरीनं चालायला लागले. बोलायचं असं ठरवलं होतं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. मग दत्ताच्या देवळापर्यंत. नाना पेरू घ्यायला थांबले, दोन कच्चे, एक पिकलेला. पेरूवालीला म्हणाले, मीठ वेगळ्या पुडीत दे. मग चालता चालता मला म्हणाले, "उद्या जरा लवकर निघू. पेन्सिलीचं सकाळच्या उन्हात बरं दिसतं. पूर्वेच्या खिडकीशी टेबल घेऊ."

मी म्हणाले, "घेऊ."

सकाळी सहाला मोरीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. दवाखाना दहा मिनिटांवर होता. तेवढा वेळ मिळाला नाही.

तेराव्याला इठाबाई आली. प्रांतांनी तिचा कागद मान्य केला होता. तिनं नानांच्या फोटोपुढं नारळ ठेवला आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "लोकं म्हंत्यात, साह्यबाच्या हातनं चूक झाली. आसंल. पर त्या चुकीपायी माझं नाव सापडलं, बाई." तेव्हाही मी काही म्हणाले नाही. तिच्या हाताला हात लावला.

पूर्वेच्या खिडकीशी बसून मी चार महिने ती पानं पुन्हा घेतली. आठशे चौसष्ट पानांच्या मागं नावं निघाली, जवळजवळ सगळी मुलींची. कंपनीनं मला कधी विचारलं नाही. कचेरीची चूक होती, कचेरीनं लेखी कबूल केली होती. नोटीस, कर्मचारी मयत झाल्यामुळं दप्तरी दाखल करण्यात आली. म्हणजे बंद झाली. खोटी ठरली असं नव्हे.

याला बारा वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली, दुसरीही सोडली. शेलवण्याचं घर ठेवलं. गेल्या माघात घरातली कपाटं आवरताना नानांचे उरलेले नऊ रुमाल सापडले, धुतलेले, घडी घातलेले. सरकारचं कापड. ते परत करायला म्हणून कचेरीत गेले.

आता सगळं एका खिडकीवर होतं. आत पंचविशीची एक कारकून होती, गळ्यात ओळखपत्र, नाव शर्वरी घोलप. रुमालांचं काय करायचं ते तिला समजेना. मग मीच म्हणाले, भालचंद्र सोनटक्के, रेकॉर्डकीपर, यांनी एका नोटिशीला दिलेलं उत्तर मला पाहायचं आहे. मिळेल का? तिनं साल विचारलं, चार कळा दाबल्या आणि पडदा माझ्याकडं वळवला. नानांचं अक्षर आलं. 'सदर चूक माझ्याकडून झालेली असून तीस अन्य कोणीही जबाबदार नाही.' खाली सही. सहीखाली, कोपऱ्यात, मा. पा.

"पुढचं पान?" मी म्हणाले.

"एवढंच आहे, मॅडम. मागची बाजू कोरी असेल."

मी खिडकीची कड धरली. "कोरी नाही. मूळ कागद बघायचाय मला."

ती मुलगी कंटाळली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. अर्ध्या तासानं फाईल घेऊन आली. माझ्या देखत कागद उलटला, आणि म्हणाली, "बघा, कोरंच आहे." मी तो घेतला आणि दाराशी जाऊन उन्हात तिरका धरला.

पेन्सिलीनं पुन्हा स्कॅन करायच्या गठ्ठ्यांचे क्रमांक लिहिले होते. सदतीस. त्यांच्याखाली तीन ओळी होत्या. 'यंत्र दोन्ही बाजू घेते. फिकी बाजू कोरी समजून वगळते. वगळण्याची खूण दुसऱ्या आठवड्यात केलेली आहे, ती काढून मग काम करावे.'

दुसऱ्या आठवड्यात. खूण नेमकी केव्हा झाली, तेही त्यांना ठाऊक होतं. ते सगळं त्यांना केव्हा कळलं, कुणाकडून, हे मला आता कधीच कळणार नाही. खूण कुणी केली, तेवढंच त्यांनी लिहिलं नव्हतं. आणि जे लिहिलं ते पेन्सिलीनं, खोडता येईल असं.

मी खिडकीशी परत आले. या कागदाची, दोन्ही बाजूंची, शिक्क्याची नक्कल हवी म्हणाले. तिनं छापील अर्ज पुढं ओढला आणि स्वतःच भरायला घेतला. माझं नाव. पत्ता. मयताशी नातं. मुलगी, मी म्हणाले. तिनं शाईनं लिहिलं.

"कारण? थोडक्यात सांगा, रकाना लहान आहे."

"तिथं मावणार नाही," मी म्हणाले. "पान उलटा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग अर्ज उलटा केला आणि पेन टेकवून थांबली. माझ्यामागं रांगेत चारपाच माणसं होती.

"लिहा," मी म्हणाले. "चूक भालचंद्र सोनटक्के यांची नव्हती. कोरी पानं वगळायची खूण मी केली होती. नानांनी मला घरी विचारलं होतं, आणि मी त्यांना अर्धंच सांगितलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. चूक माझी होती."